‘सोलर इलेक्ट्रिक प्रोपल्शन’ला मराठीत काय म्हणावं?

छावणीवाली: इंदूरच्या आमच्या मंडळाच्या अंकासाठी जपानच्या हायाबुसा यानावर लिहितेय. 2003 ला निघालं, इतोकावा लघुग्रहावरची धूळ घेऊन 2010 ला परतलं. मी लिहिलं, ‘सौर-विद्युत प्रणोदनावर चालणारं नमुना-वापसी यान’. एका काकांनी ‘हे हिंदी झालं’ म्हणत लाल रेघ ओढली. मग मराठीत काय?

जुना_इंदुरी: प्रणोदन हिंदीच. आपलं ‘प्रचालन’. आणि वापसी कसली? परती म्हण.

फिरकी: काका, फारसी ‘नमुना’ चालतो आणि ‘वापसी’ नाही? दोन्ही एकाच दारातून आलेत.

ताराबघ्या: आधी अर्थ बघा. ‘सौर’ म्हटलं की वाटतं, ऊनच यानाला ढकलतंय. ते सौरशिडाचं काम. इथे पॅनेलच्या विजेवर झेनॉन वायूचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, होतात आणि सेकंदाला तीसेक किलोमीटर वेगाने मागे फेकले जातात. त्यामुळे इंधन थोडकं लागतं, जाऊन परत यायचा हिशेब बसतो. मी तर ‘सौरविजेवरचं आयन-इंजिन’ लिहीन. थ्रस्टला ‘रेटा’.

जुना_इंदुरी: रेटा रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत असतो. हा कितीसा?

ताराबघ्या: तीन इंजिनं मिळून अडीच ग्रॅम वजनाइतका. पण हजारो तास.

जुना_इंदुरी: मग ही फुंकर!

होळकरी: त्या फुंकरीचंही बिघडलं होतं भिया. शेवटी एका इंजिनाचा आयन-स्रोत आणि दुसऱ्याचा न्यूट्रलायझर (बाहेर पडणाऱ्या आयनांचा विद्युतभार शमवणारा भाग) जोडून यान घरी आणलं. ‘जुगाड’ला शुद्ध मराठी शब्द सांगा आता.

फिरकी: आमच्याकडे ‘नमुना’ म्हणजे धाकटा मामा. ‘नमुना परत आला’ छापलंत तर आजी विचारेल, किती दिवस राहणार?

मंडीतला: वानगी म्हणा की! सोयाबीनच्या पोत्यात परखी खुपसून मूठभर दाणे काढतात, त्याला इथे बानगीच म्हणतात. हायाबुसा-2 ने 2020 मध्ये र्‍युगू लघुग्रहावरून 5.4 ग्रॅम आणलं. वानगीच ती.

जुना_इंदुरी: वाः! वानगी ‘वाण’वरून. संक्रांतीला लुटतात तेच.

फिरकी: छे, ‘वर्णिका’वरून.

छावणीवाली: अहो, प्रोपल्शनचं काय? अंक छापायला जायचाय.

जुना_इंदुरी: थांब गं जरा. वर्णिकेतला र कुठे गेला, ते सांगू दे ह्याला.

फिरकी: ‘कर्ण’चा ‘कान’ होताना गेला, तिथेच.