‘मान्सूनची पुनर्रचना’ म्हणावं का?

प्रश्न : समुद्रतळाच्या गाळावरून जुन्या काळच्या मान्सूनचा अभ्यास करतात, त्यावरचा एक लेख मराठीत आणते आहे. ‘रिकन्स्ट्रक्शन’साठी पुनर्रचना, ‘सेडिमेंट’साठी अवसाद, ‘कोअर’साठी गाभा असे शब्द घेतले आणि शीर्षक झालं, ‘खोल सागरी अवसाद गाभ्यांवरून मान्सूनची पुनर्रचना’. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, “म्हणजे आता पावसाचं वेळापत्रक बदलणार का?” कुठे चुकतंय?

उत्तर : आईंनी बरोबर जागी बोट ठेवलं आहे. पुनर्रचना म्हणजे आहे त्याची मांडणी बदलणं. १९५६ साली राज्य पुनर्रचना झाली ती तशीच. इथे कुणी मान्सून बदलत नाही, होऊन गेलेल्या मान्सूनच्या खुणा शोधतात. त्याला आपल्याकडे ‘माग काढणे’ हा चालता-बोलता शब्द आहे. ‘समुद्रतळाच्या गाळातून मान्सूनचा माग’ असं लिहा, आईंना लगेच कळेल.

अवसाद शब्द मुळात चूक नाही, संस्कृतात त्याला खाली बसणं हा अर्थ आहेच. पण हिंदीमुळे हल्ली तो वाचला की आधी नैराश्य आठवतं. गाळ असताना तो हवाच कशाला?

‘गाभा’ मात्र खटकतो. गाभा आतला असतो : केळीचा, पृथ्वीचा. जहाजावरून नळी खुपसून जे वर काढतात ते वरपासून खालपर्यंतचं सलग दंडगोल असतं, वरचं टोक नवं, खालचं जुनं. मी ‘गाळाचं कांडं’ म्हणेन. उसाच्या कांड्यासारखं ते उभं चिरता येतं, पेरापेराने वाचता येतं. २०१५ साली ‘जॉइडीस रेझोल्यूशन’ या संशोधन जहाजाने अरबी समुद्रातल्या लक्ष्मी खोऱ्यात साडेतीन किलोमीटरहून जास्त खोल पाण्याखाली, तळाच्याही खाली अकराशे मीटरपर्यंत छिद्र पाडलं. तिथला बराचसा गाळ सिंधू नदीने हिमालयातून आणलेला आहे.

दुसरं उत्तर : ‘गाळ’ला माझी हरकत नाही, एक भर घालते. गाळ म्हटलं की आपल्याला धरणातला, नदीने आणलेला दिसतो. खोल समुद्रात वरून मेलेल्या सूक्ष्म जीवांची कवचंही सतत पडत असतात. कुरडयांसाठी भिजवलेले गहू वाटून, गाळून रात्रभर ठेवले की सकाळी वर निवळ पाणी आणि तळाशी घट्ट पांढरा चीक बसलेला असतो. वरचं पाणी अलगद ओतून दिलं की बोटाला लागतो तो थर. तळाशी बसलेल्या अशा थराला ‘साका’ म्हणतात. जिथे कवचांविषयी बोलायचं आहे तिथे तो वापरून पाहा.

आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो ‘मान्सून’ शब्द. अरबी ‘मौसिम’ म्हणजे ऋतू, त्यावरून आपलं मोसम, मोसमी. ‘मान्सून’ हे रूप पोर्तुगीजांमार्फत फिरून आलं. मूळ रोख वाऱ्यांच्या हंगामावर, पण आपण ‘मान्सून केरळात दाखल’ म्हणतो तेव्हा मनात पाऊसच असतो. या लेखात तो घोटाळा महागात पडेल. ओमानच्या किनाऱ्यालगत नैर्ऋत्येचे वारे जोरात वाहिले की वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकललं जातं आणि खालचं गार, पोषक पाणी उमाळ्यासारखं वर येतं. त्यात ‘ग्लोबिजेरिना बुलॉइडीस’ हा एकपेशीय जीव फोफावतो. थरात त्याची कवचं जास्त, तर त्या काळी वारा जोराचा. १९८७ साली तिथे काढलेल्या कांड्यांवरून भूशास्त्रज्ञ अनिल गुप्ता आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं की उत्तर अटलांटिक गारठला त्या त्या वेळी हे वारे मंदावले होते.

म्हणजे ती कवचं वाऱ्याची साक्ष देतात. कोकणात किती पाऊस पडला, ते त्यांवरून थेट सांगता येत नाही. पावसासाठी बंगालच्या उपसागराकडे जावं लागतं. तिथे नद्यांचं गोडं पाणी मिसळून खारेपणा उतरतो, आणि त्याची खूण कवचातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांत, म्हणजे त्याच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणात, राहते. लेख ओमानच्या कांड्यांवर असेल तर ‘पावसाचा इतिहास’ हे शब्द कुठेही येऊ देऊ नका.

प्रश्नकर्ती : लेख ओमानवरच आहे, आणि मी दोन ठिकाणी ‘पर्जन्यमान’ लिहून बसले होते. आता ‘मोसमी वाऱ्यांचा जोर’ केलं. शीर्षक : ‘समुद्रतळाच्या गाळातून मोसमी वाऱ्यांचा माग’. कांडं ठेवते आहे. साका फक्त कवचांच्या परिच्छेदात.