बंद पडलेला रेल्वेमार्ग हातांनी उभा करताना: तुमचे अनुभव लिहा

इंग्लंडच्या ससेक्समधली लुईस ते ईस्ट ग्रिन्स्टेड ही रेल्वेची शाखा १८८२ साली सुरू झाली आणि १९५५ मध्ये तोट्यापायी बंद केली गेली. मॅज बेसेमर या स्थानिक बाईंनी जुना कायदा उकरून काढला. रोज चार गाड्या सोडणं त्यात बंधनकारक होतं! १९५६ मध्ये गाड्या पुन्हा सुरू कराव्या लागल्या. १९५८ च्या मार्चमध्ये मात्र मार्ग कायमचा बंद झाला. पुढच्याच वर्षी हौशी मंडळींनी संस्था काढली आणि ७ ऑगस्ट १९६० रोजी ब्लूबेल रेल्वेची पहिली गाडी सोडली. आज शेफील्ड पार्क ते ईस्ट ग्रिन्स्टेड हा ११ मैलांचा मार्ग मुख्यतः स्वयंसेवकांच्या बळावर चालतो. तिथे किंवा अशा दुसऱ्या कुठल्या मार्गावर काम केलं असेल, तर इथे लिहा. इंजिनांचे फोटो पुष्कळ पाहिलेत, मला त्यामागचं काम ऐकायचंय.

क्रॉलीहून

माझे वडील भुसावळकडे चावीवाले होते. ठरलेला टप्पा रोज पायी तुडवायचा आणि रूळ धरून ठेवणाऱ्या, सैल झालेल्या चाव्या ठोकायच्या. मी इथे ब्लूबेलच्या ट्रॅक गँगमध्ये, म्हणजे रूळ सांभाळणाऱ्या टोळीत, नाव घातलं, तर हातात आला तो तसाच लांब दांड्याचा हातोडा. इथले जुन्या पद्धतीचे रूळ बिडाच्या बैठकीत बसवलेले असतात. रूळ आणि बैठक यांच्या फटीत लाकडी पाचर मारतात. उन्हाळ्यात हवा कोरडी झाली की लाकूड आकसतं आणि गाड्यांच्या हादऱ्याने पाचर बाहेर सरकते. कधी ती खडीत पडलेलीच सापडते. उचलायची, जागेवर धरायची, ठोकायची. सुरुवातीला आवाज बोदा येतो, पाचर घट्ट बसली की टणक.

हिवाळ्यात रुळांखालचे आडवे स्लीपर बदलतो. खडी उकरायची, कुजलेला स्लीपर आडवा ओढून काढायचा, नवा सरकवायचा आणि खाली खडी ठासायची. आमच्यात एक निवृत्त दंतवैद्य आहेत, एक कॉलेजातली मुलगी आहे. पहार हातात घेतली की सगळे सारखेच.

बाबांना व्हिडिओ कॉलवर काम दाखवलं, तर त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? ‘‘लुकआउटला कोण उभं आहे?’’ कॅमेरा फिरवून गाडीवर नजर ठेवणारा माणूस दाखवला, तेव्हाच ते पुढचं बोलले. स्लीपर पाहून म्हणाले, ‘‘ठासणी दोन्ही बाजूंनी करा.’’ हे मी गँगच्या मुकादमाला सांगितलं. त्याने बाबांना सलाम धाडला.

रेडिंगहून

दादा, वाचून भरून आलं. माझा अनुभव सिग्नल केबिनचा. स्वयंसेवक असलात तरी नियमांची परीक्षा पास झाल्याशिवाय सिग्नल आणि सांधे हलवणाऱ्या तरफेवर कुणाला एकट्याने बसवत नाहीत, आणि ते योग्यच आहे. गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे सांधे नीट लागले नसतील, तर सिग्नलची तरफ कितीही जोर लावला तरी हलत नाही. खालच्या इंटरलॉकिंगमध्ये, म्हणजे चुकीची तरफ अडवणाऱ्या यंत्रणेत, ती अडकलेली असते. तरफ ओढताना मुठीभोवती फडकं धरायचं, कारण हाताच्या घामाने चकचकीत पोलादावर गंज चढतो. पहिल्या दिवशी मला हेच शिकवलं. मी शाळेत शिकवते, दिवसभर बोलते. केबिनमध्ये शेजारच्या केबिनशी घंटेच्या ठोक्यांवर बोलायचं असतं. ते मला फार आवडतं.

ईस्ट ग्रिन्स्टेडहून

आमच्या गावाजवळच्या इंबरहॉर्न खोदाईत, म्हणजे रुळांसाठी जमीन खोदून केलेल्या खोल वाटेत, मार्ग बंद झाल्यावर वर्षानुवर्षं घरगुती कचरा टाकला होता. गाडी गावापर्यंत आणायची, तर तो डोंगर उपसणं भाग होतं. माणशी दहा पौंडांची वर्गणी मागितली गेली, आम्हीही दिली. बराच कचरा मालगाडीच्या वाघिणींतून गेला. २३ मार्च २०१३ ला कडाक्याच्या थंडीत गाडी आली, तेव्हा फलाटावर उभी होते. वर्गणी देणारेही स्वयंसेवकच, असं मी मानते. कुणी तसं मानत नसेल तर भांडायची तयारी आहे.

बर्मिंगहॅमहून

वेल्समधल्या टॅलिलिन रेल्वेबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून. स्वयंसेवकांनी वाचवलेली जगातली पहिली रेल्वे तीच. त्यासाठीची सभा आमच्या शहरात १९५० साली भरली आणि १९५१ मध्ये गाड्या धावल्या. ताब्यात आली तेव्हा चालतं इंजिन एकच होतं, डॉलगॉख. माझा मुलगा सुट्टीत तिथे झाडोरा तोडायला जातो. घरी बागेतलं गवत कापत नाही, तिथे दिवसभर ओणवा असतो.

मूर्तिजापूरहून

मी इंग्लंडला गेलेलो नाही, पण शकुंतलेच्या गावचा आहे. यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी ही आमची नॅरोगेज. वऱ्हाडचा कापूस नेण्यासाठी घातलेली. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत तिच्यावर राबलं. आता गाडी बंद आहे आणि लोक ती परत मागताहेत. वरचं सगळं आवडीने वाचलं, तरी आमची गोष्ट निराळी आहे. आम्हाला रविवारची सैर नको आहे. बाजाराला, दवाखान्याला, कॉलेजला जायला स्वस्त गाडी हवी आहे, म्हणून मागणी ब्रॉडगेजची आहे. ते काम सरकारचंच, फावडी घेऊन आम्ही ते करू शकत नाही. पण स्टेशनच्या जुन्या इमारती, फलक, पूल यांची नोंद आणि साफसफाई गावकऱ्यांना जमेल. रेल्वेची परवानगी मात्र लागेल. क्रॉलीच्या दादांना एक विचारायचं होतं: तुमच्या संस्थेने सुरुवातीला जागेचा करार कसा केला? मार्ग आधी भाड्याने घेतला की थेट विकत? माहिती असेल तर सविस्तर लिहा, इथे बैठकीत वाचून दाखवतो.