भुलीचं पांढरं इंजेक्शन: सोसायटीच्या ग्रुपवरून

जोशी काका, बी-३०२: उद्या नऊ वाजता दुर्बिणीतून हर्नियाचं ऑपरेशन. भुलीला प्रोपोफॉल देणार म्हणाले. नेटवर बघितलं तर मायकेल जॅक्सन यानेच गेला!

डॉ. मृणाल, सी-५०१ (भूलतज्ज्ञ): काका, नेट बंद करा आधी 🙏 त्याला ते घरी, झोप लागावी म्हणून देत होते. या औषधाने श्वास मंदावतो, बरेचदा थोडा वेळ थांबतोच. बीपीही उतरतं. म्हणून तर आम्ही ऑक्सिजन, मास्क घेऊन डोक्याशी उभे असतो. त्याच्यापाशी तेव्हा कोणी नव्हतं.

अमोल, ए-१०४: पण माणूस आकडे मोजता मोजता आडवा कसा होतो?

डॉ. मृणाल: मेंदूत गाबा नावाचं रसायन असतं, ते पेशींना शांत ठेवतं. प्रोपोफॉल गाबाच्याच रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या त्याच्या जागेवर, बसून त्याचा जोर वाढवतं. पेशीत क्लोराइडचे (मिठातल्या क्षाराचे) कण शिरतात, ती संदेश पाठवेनाशी होते. शिरेत दिल्यापासून अर्ध्या-पाऊण मिनिटात. डोस किलोमागे दीड ते अडीच मिलिग्रॅम, काकांच्या वयाला त्याहून कमी.

जोशी काकू: ते म्हणे पाच-दहा मिनिटांत उतरतं. मध्येच जाग आली तर गं?

डॉ. मृणाल: नाही येऊ देत काकू. गंमत अशी की उतरतं तेव्हा औषध संपलेलं नसतं. मेंदूला रक्त भरपूर, म्हणून आधी तिथे पोचतं, मग तिथून स्नायूंत, चरबीत पसरतं. लिव्हर त्याचा निचरा सावकाश करत राहतं. म्हणून पहिल्या डोसनंतर भुलीचा गॅस, नाहीतर पंपाने हेच औषध चालू ठेवतो. दुखणं मात्र याने थांबत नाही, त्याला फेंटॅनिलसारखं वेगळं औषध.

अमोल: माझा हात जाम जळला होता. आणि दुधासारखं पांढरं का असतं?

डॉ. मृणाल: जळजळ याचीच. आम्ही लिग्नोकेन (जागा बधिर करणारं औषध) देतो, तरी थोडी होते. औषध पाण्यात विरघळत नाही म्हणून सोयाबीन तेलात घालतात, आणि ते तेल पाण्यात दुधासारखं मिसळून राहावं म्हणून अंड्याच्या बलकातलं लेसिथिन. आधी वेगळ्या द्रावणात होतं, त्याने ॲलर्जी व्हायची. हे पांढरं १९८६ला आलं. शोधणारे जॉन ग्लेन मूळचे जनावरांचे डॉक्टर! २०१८ला त्यांना लास्कर हा वैद्यकातला मोठा पुरस्कार मिळाला.

अमोल: अंडं?? काका, तुम्ही तर शुद्ध शाकाहारी 😄

जोशी काका: शिरेतून चालतं. मृणाल, सकाळी सहाला अर्धा कप चहा घेऊ ना?

डॉ. मृणाल: अजिबात नाही! दुधाचा चहा म्हणजे खाणंच, सहा तास आधी बंद. भुलीत ठसका लागत नाही, पोटातलं वर आलं तर थेट फुप्फुसात. नुसतं पाणी दोन तास आधीपर्यंत, तेही तुमच्या डॉक्टरांना विचारून.

जोशी काकू: चहाचा डबा लपवते.