आम्स्टरडॅम: कालव्यांच्या काठाने खात खात

आपली माणसं आम्स्टरडॅमला जातात, बोटीतून कालवे बघतात आणि स्टेशनजवळ पिझ्झा खाऊन परततात. ऐकून जीव हळहळतो. सतराव्या शतकातले हेरेनग्राख्त, कायझरग्राख्त, प्रिन्सेनग्राख्त हे कालवे एकमेकांना इतके लागून आहेत की तिन्ही पायी ओलांडायला दहा मिनिटंही लागत नाहीत. पुढे योर्दान या जुन्या वस्तीच्या गल्ल्या, आणि शनिवार असेल तर नोर्डरमार्क्टचा बाजार. सफरचंदाच्या फोडींनी गच्च भरलेला ॲपल पाय तिथे खावा, वर फेटलेलं क्रीम घेऊन. आता तुमची पाळी. काय खाल्लं, कुठे खाल्लं, काय अजिबात आवडलं नाही, सगळं येऊ द्या.

मालवणी माणूस
हेरिंग! कच्चा मासा म्हटल्यावर आमच्याकडे नाकं मुरडली गेली. पण तो मिठात मुरवलेला असतो. साफ करताना स्वादुपिंड मुद्दाम आत ठेवतात, त्यातल्या रसाने मांस मऊ पडतं. जंत मरावेत म्हणून गोठवणं तर सक्तीचंच आहे. पुलावरच्या टपरीवाल्याने झपाझप काटा काढला, आडवे तुकडे केले, वर बारीक कांदा आणि आंबट काकडी. बांगड्यापेक्षा वास कमी, तेलकटपणा जास्त. नव्या हंगामाचा मासा जूनमध्ये येतो, जमलं तर तेव्हाच जा. सासूबाईंनी फक्त कांदा खाल्ला.

पुणेकर, शुद्ध शाकाहारी
आमचे हाल होतील असं सगळे म्हणत होते. झाले नाहीत. जिरं घातलेलं चीज मिळतं, लवंग घातलेलंही मिळतं. मसाल्याच्या व्यापारावर शहर श्रीमंत झालं, त्याची चव चीजमध्ये उतरलीये असं मी आपलं समजून घेतलं. ब्राउवर्सग्राख्तच्या वखारींवर माल ओढायचे आकडे अजून आहेत, ते बघत बघत तुकडे चघळायचे. जुनं गौडा घ्याच, दाताखाली बारीक कण कुरकुरतात. मात्र बऱ्याच पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध गोठवणारं विकर) असतं, तेव्हा कडक पाळणाऱ्यांनी विचारूनच घ्यावं. भिंतीतल्या विक्रीयंत्राच्या खणातून गरम क्रोकेट, म्हणजे तळलेला कुरकुरीत रोल, काढायची गंमत आहे, पण त्यात बहुधा मांस असतं. आपण चीज सूफ्ले घ्यायचा, म्हणजे चीज भरून तळलेला.

डेल्फ्टकर
माझं मत सुरिनामी रोटीला. द पाइप भागात आल्बर्ट काउप बाजार १९०५ पासून भरतो. तिथे सगळे गरम स्ट्रोपवाफलच्या, म्हणजे मध्ये पाक भरलेल्या पातळ वाफलच्या, रांगेत उभे असतात. ते खाच, पण पोट राखून ठेवा. १८७३ साली कलकत्त्याहून 'लल्ला रूख' जहाजातून गिरमिटिया (करारबद्ध) मजूर दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेले, तेव्हा ती डच वसाहत होती. १९७५ साली सुरिनाम स्वतंत्र झाला, त्या सुमारास त्यांच्यातली बरीच कुटुंबं इकडे आली आणि रोटीही आली. पोळीच्या पदरात वाटलेली डाळ असते, घडी उलगडली की ती ताटात भुरभुरते. सोबत बटाट्याचा रस्सा, चवळीच्या लांब शेंगा, उकडलेलं अंडं, हवं तर चिकन. गल्ल्यावरच्या बाई सरनामी, म्हणजे या मजुरांच्या वंशजांची भाषा, बोलत होत्या, भोजपुरी कानावर असेल तर बरंचसं कळतं. हाताने खाल्लं, कुणी वळून पाहिलं नाही. उडदाचा 'बारा'ही मागवा, म्हणजे आपला वडाच, पण सोबतची मिरचीची चटणी जपून. ती नाशिकच्या मिसळवाल्यांनाही घाम फोडेल.

डिसेंबरची पाहुणी
थंडीत गेलात तर चौकाचौकात ओलीबोलनच्या गाड्या दिसतील. मनुका घातलेले तळलेले गोळे, वर पिठीसाखर. काळं जॅकेट घालून खाऊ नका. आणि बऱ्याच दुकानांत रोख पैसे घेत नाहीत, कार्ड हाताशी ठेवा.

एक वाचक
खारट ड्रॉपबद्दल कुणीच लिहिलं नाही? ज्येष्ठमधाच्या गोळीत चक्क नवसागर असतो. कालव्याकाठी तोंडातली गोळी थुंकायची कुठे, हा माझा प्रश्न होता.

धागाकर्ती
बाकी सगळ्याला अनुमोदन. ड्रॉप मला आवडतं. उरलेली पाकिटं इकडे पाठवा.