विंडोजचे अ‍ॅनिमेशन बंद करावे का? लॅपटॉप जुना, बजेट शून्य

कूलरसमोर:
नमस्कार मंडळी. घरचा लॅपटॉप आय३ पाचव्या पिढीचा, ४ जीबी रॅम, जुनी फिरणारी हार्ड डिस्क, विंडोज १०. सकाळी चालू केला की विंडो अशी रेंगाळत उघडते की तेवढ्यात माणूस आपल्या नागपूरच्या बर्डी बाजारात जाऊन येईल. ऑफिसातला एक पोरगा म्हणे सगळे अ‍ॅनिमेशन, म्हणजे विंडो सरकत उघडते-मिटते ते, बंद करा, रॉकेट होते. खरंच फरक पडते का? माझं काम एक्सेल अन् बिलांचं, आई त्याच्यावर ई-पेपर वाचते आणि भजनाचे व्हिडिओ पाहते. बजेट शून्य. पोरीच्या क्लासची फी आत्ताच भरली, तेव्हा शून्य म्हणजे शून्यच.

मिहानकर:
मी दिवाळीत ६८ हजाराचा घेतला, १६ जीबी रॅमवाला. अ‍ॅनिमेशन सगळे चालू, काही जाणवतच नाही. थोडं ताणा आणि नवीनच घ्या.

कूलरसमोर:
भाऊ, बजेट वाचलं का?

मिहानकर:
ईएमआयवर भेटते ना.

जुना_खेळाडू:
बंद करा, डोळे झाकून. सर्चमधे व्ह्यू अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्ज टाका, परफॉर्मन्सच्या खाली सेटिंग्ज, तिथे अ‍ॅडजस्ट फॉर बेस्ट परफॉर्मन्स, अप्लाय. झालं. मी जुन्या विंडोज एक्सपीच्या काळापासून हेच करतो. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात, मेन्यू शो डिले असतो, तो ४०० मिलिसेकंद येतो, मी २० करून ठेवला आहे, मेन्यू टपकन उघडते.

महाल_डीटीपी:
अहो खेळाडू, ते बेस्ट परफॉर्मन्स दाबायला नका सांगू लोकांना! त्यात सगळ्याच टिक उडतात, फॉन्टच्या कडा गुळगुळीत करणारी पण. मग मराठी वाचून पाहा, मात्रा-वेलांट्या अशा दातेरी दिसतात की जोडाक्षर ओळखू येत नाही. यांच्या आई ई-पेपर वाचतात म्हणे. कस्टम निवडा, स्मूद एजेस ऑफ स्क्रीन फॉन्ट्स आणि शो थंबनेल्स या दोन टिक ठेवा, बाकी काय काढायचं ते काढा. थंबनेल गेले की फोटोच्या फोल्डरमधे नुसते सारखे आयकॉन दिसतात. आमच्याकडे एका गिऱ्हाइकाने असंच केलं आणि फोटो डिलीट झाले म्हणून रडकुंडीला आला होता.

जुना_खेळाडू:
मला तर दातेरी दिसत नाही.

महाल_डीटीपी:
चष्मा तपासा.

एसएसडी_घ्या:
अ‍ॅनिमेशन बंद केल्याने काही होत नाही, फिरणारी डिस्क काढून एसएसडी, म्हणजे चिपवाली वेगवान डिस्क टाका. मी अठराशेला टाकली होती, बूट व्हायला आधी चहा पिऊन व्हायचा, आता बसायलाही वेळ भेटत नाही. पण घेताना बिल घ्या, मी पहिल्यांदा एका दुकानातून बिनबिलाची घेतली ती दोन महिन्यांत मेली अन् तो म्हणे आमच्याकडची नाहीच.

लिनक्स_हाय_ना:
विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पाचव्या पिढीवर ११ अधिकृतपणे चढत नाही, आठवी लागते. विंडोजच्या जागी लिनक्स मिंट एक्सएफसीई ही हलकी सिस्टीम टाका, फुकट आहे.

मिहानकर:
आणि बिलाचं सॉफ्टवेअर कोण चालवणार, तुम्ही?

लिनक्स_हाय_ना:
वाइन असते, लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं.

मिहानकर:
चंद्रपूरची दारूबंदी उठली, वाइन कुठेही भेटते 😄

रामदासपेठ_१०:
विषय कुठे चालला बाप्पा. विंडोज १० वाल्यांनी मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत फुकट आहेत, तेवढं करून घ्या. आता मूळ प्रश्न. विंडो सरकवायचं काम ग्राफिक्स करते, हार्ड डिस्क नाही. अ‍ॅनिमेशन काढलं तर सरकण्यात जाणारा वेळ वाचतो, पण एक्सेल उघडायला लागतो तो तसाच राहतो. कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबा, टास्क मॅनेजरमधे डिस्क १०० टक्के दिसत असेल तर दुखणं डिस्कचं आहे. तिथेच स्टार्टअपमधे, म्हणजे लॅपटॉप चालू होताच आपोआप उघडणाऱ्या प्रोग्रॅमच्या यादीत जाऊन नको ते डिसेबल करा, याला पैसे लागत नाहीत.

गरगर:
वेगाचं सोडा, मी बंद केलं कारण मला व्हर्टिगो आहे. विंडो सर्रकन मोठी झाली की डोकं फिरायचं. ११ मधे अ‍ॅक्सेसिबिलिटी, व्हिज्युअल इफेक्ट्स, अ‍ॅनिमेशन इफेक्ट्स, एकच बटण आहे. १० मधे ईज ऑफ अ‍ॅक्सेसच्या डिस्प्लेमधे. अँड्रॉइड फोनवर पण बिल्ड नंबर सात वेळा दाबून डेव्हलपर ऑप्शन्स उघडा, तिन्ही अ‍ॅनिमेशन स्केल अर्ध्यावर करा.

संत्रामार्केट:
एवढं सगळं सांगून राहिले, पण नाव वाचलं का कोणी, कूलरसमोर! भाऊ लॅपटॉप कूलरसमोर ठेवता का? ओली हवा आत जाते, बोर्ड गंजते. माझा तसाच गेला.

जुना_खेळाडू:
काही गंजत नाही, धूळ साचते म्हणून तापते. तापलं की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. आपल्याकडे मे महिन्यात ४५ असते, २०१३ ला तर ४७.९ गेलं होतं. पंखा साफ करा.

संत्रामार्केट:
माझा गंजला ना पण, मी पाहिला ना.

एसएसडी_घ्या:
एसएसडी टाका.

कूलरसमोर:
सगळ्यांचे आभार. डिस्क खरंच १०० वर होती. स्टार्टअपमधून पाच-सहा गोष्टी काढल्या, थोडा फरक आहे. महालवाल्या भाऊंनी सांगितल्याप्रमाणे दोन टिक ठेवून अ‍ॅनिमेशन पण काढलं होतं, मला झकास वाटलं. पण आईने पेपर मिनिमाइज केला अन् ओरडली, अरे माझा पेपर कुठे गेला? आधी तो आकसत खाली पट्टीत जाताना दिसायचा, तिला त्यावरून कळायचं. आता एकदम गायब. दिवसभर तेच चाललं. म्हणून सगळं परत चालू केलं.

रामदासपेठ_१०:
फक्त मिनिमाइज-मॅक्सिमाइजवाली टिक ठेवा की. नाहीतर आईंचं वेगळं युजर अकाउंट करा, हे सेटिंग ज्याचं त्याचं वेगळं असते.

कूलरसमोर:
वेगळं अकाउंट म्हणजे तिला पासवर्ड शिकवा. राहू द्या, सगळंच चालू ठेवतो. सकाळी बटण दाबून आंघोळीला जातो, येईपर्यंत सुरू होते.

मिहानकर:
म्हणजे शेवटी काहीच नाही केलं.

एसएसडी_घ्या:
माझ्याकडे जुन्या लॅपटॉपची ४ जीबी डीडीआर३एल रॅम पडून आहे. कूलरभाऊ, तुमच्यात एक स्लॉट रिकामा असेल तर घेऊन जा, फुकट. धरमपेठेत यावं लागेल.

संत्रामार्केट:
मला भेटेल का?