अ‍ॅस्परजिलस जोमात, सेल्युलेज कोमात: माध्यमात काय बदलू?

पाषाणची_बुरशी
नमस्कार. एमएस्सी मायक्रोबायोलॉजी, दुसरं वर्ष. प्रोजेक्टसाठी अ‍ॅस्परजिलस नायगर या बुरशीकडून सेल्युलेज (सेल्युलोज तोडणारं एन्झाइम) काढायचंय. स्ट्रेन एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) एनसीआयएम या सूक्ष्मजीव संग्रहातला, त्यामुळे त्याच्यावर संशय नाही. माध्यम असं: लिटरला १० ग्रॅम उसाचं चिपाड (कॉलेजसमोरच्या रसवंतीतलं, वाळवून मिक्सरला फिरवलेलं), सुरुवातीला जोर यावा म्हणून ५ ग्रॅम ग्लुकोज, शिवाय अमोनियम सल्फेट, पेप्टोन (पचवलेली प्रथिनं) आणि क्षार. शेकर ३० अंशाला. बुरशीचे गोळे टपोरे होतात, पण सीएमसीवर (पाण्यात विरघळणारं सेल्युलोज) डीएनएस (सुटलेली साखर रंगावरून मोजायची चाचणी) केलं की ब्लँकहून, म्हणजे एन्झाइम नसलेल्या नळीहून, जेमतेम जास्त रंग. चौथ्या-पाचव्या दिवशी तोही उतरतो. मॅडम म्हणतात प्लॅकेट-बर्मन (थोड्या प्रयोगांत बरेच घटक चाळायची सांख्यिकी पद्धत) लावा. पेप्टोनची दुसरी बाटली बजेटात बसत नाही. काय करू?

कोंडेवाले_काका
पेप्टोन राहू द्या, आधी ग्लुकोज काढा. आयतं ताट समोर असताना जात्यावर कोण बसेल? ग्लुकोज आहे तोवर क्रीए नावाचं नियामक प्रथिन सेल्युलेजची जनुकं दाबून धरतं. बुरशी फुगते, एन्झाइम सोडत नाही. तुम्ही मोजताय वाढ, हवंय एन्झाइम.

आता ते चिपाड. रसवंतीवाला ऊस कितीही वेळा पिळो, थोडा रस त्यात राहतोच. नायगरकडे इन्व्हर्टेज भरपूर, त्यामुळे उसाच्या साखरेचं ती चुटकीसरशी ग्लुकोज करते. म्हणजे बाटलीतलं ग्लुकोज बंद केलंत तरी मागच्या दाराने येतंय. चिपाड गरम पाण्यात भिजवून पिळा, पाणी बदला, पुन्हा पिळा. शेवटचं पाणी डीएनएसने तपासून खूश होऊ नका, सुक्रोज, म्हणजे उसाची साखर, डीएनएसला सापडत नाही. थेंबभर आम्लात उकळून, मग अल्कलीने उदासीन करून तपासा.

चौथ्या दिवशी उतरतंय त्याचं कारण मला पीएच वाटतं. किती येतो ते लिहिलंच नाहीत!

पाषाणची_बुरशी
काका, सुरुवातीला ५.५ ठेवते. नंतर बघितला नव्हता, आज पट्टी लावली तर ३ च्या खाली.

मळीमास्तर
पैशांचाच प्रश्न असेल तर साखर कारखान्याची मळी घाला की. स्वस्त आणि मस्त.

कोंडेवाले_काका
मास्तर, मळी म्हणजे साखरच. त्यावर नायगर सायट्रिक अ‍ॅसिड झकास करते, जगभर करतातही, पण या पोरीला ते नकोय.

पाषाणकर, ३ च्या खाली म्हणजे चोर सापडला. बुरशी अमोनियम सल्फेटमधला अमोनियम उचलते आणि बदल्यात प्रोटॉन सोडते. सल्फेट तसंच पडून राहतं. वर नायगरची स्वतःची आम्लं. एवढ्या आंबट पाण्यात तिचेच आम्लप्रिय प्रोटिएज (प्रथिनं तोडणारी एन्झाइमं) जागे होतात आणि तयार झालेलं सेल्युलेज फस्त करतात. नायट्रोजनचा काही भाग युरियाने द्या. मात्र युरिया माध्यमाबरोबर ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायचं भांडं) घालू नका, फुटून अमोनिया होतो. वेगळा गाळून निर्जंतुक करा आणि थंड माध्यमात मिसळा. चिमूटभर कॅल्शियम कार्बोनेटही पीएच सावरून धरतं.

आणि माझं ऐकाल तर शेकर सोडा, गव्हाच्या कोंड्यावर या. भोसरीला कारखान्यात मी उभी हयात कोंड्याशी काढली, त्यामुळे पक्षपाती आहे हे मान्य. पण जोकिची ताकामिने यांनी अमेरिकेत १८९४ मध्ये डायस्टेजचं (स्टार्च तोडणारं एन्झाइम) पेटंट घेतलं तेही कोंड्यावर वाढवलेल्या बुरशीचंच. कोंड्यात प्रथिनं आहेत, खनिजं आहेत, पेप्टोन लागतच नाही. पशुखाद्याच्या दुकानातून जाड कोंडा आणा. बारीक आणलात तर ऑटोक्लेव्हमध्ये त्याची खळ होते आणि हवा खेळत नाही. २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये १० ग्रॅम कोंडा, त्यावर क्षारांचं पाणी १० ते १५ मिली. मुठीत दाबल्यावर लाडू वळावा, बोटांतून पाणी मात्र गळू नये. १२१ अंशाला २० मिनिटं. गार झाल्यावर ग्रॅममागे साधारण १ कोटी बीजाणू, आणि दिवसातून एकदा फ्लास्क आपटून गठ्ठे मोकळे करा.

पाषाणची_बुरशी
करते. मग प्लॅकेट-बर्मन नकोच का? मॅडमना काय सांगू?

कोंडेवाले_काका
नको कशाला? पण त्याची पाळी नंतर. १२ प्रयोगांत ११ घटक चाळता येतात हे खरं, पण ते फक्त एकेकट्याचा परिणाम दाखवतं, दोन घटकांचं आपसातलं नातं नाही. आणि ग्लुकोज सगळीकडे असेल तर १२ फ्लास्कांतून १२ वेळा शून्यच वाचाल. आधी धुतलेलं चिपाड आणि कोंडा शेजारी शेजारी लावून बघा. जे चालेल त्यावर ओलावा, युरिया, सुरुवातीचा पीएच आणि ट्वीन ८० (साबणासारखा पदार्थ) एवढे घटक तरी डिझाइनमध्ये टाका.

कोंड्याच्या अर्कात मुळातच साखर असते. दर नमुन्याला सीएमसीशिवायचा वेगळा ब्लँक ठेवून तो वजा करा, नाहीतर कोंड्याची साखर एन्झाइमच्या नावावर जमा होईल.