अनुभव धागा : वस्तूंची छायाचित्रे काढून पोट भरताना

धागा काढणाऱ्याचे निवेदन

प्रॉडक्ट फोटोग्राफी शिकवणारे साहित्य आज विपुल आहे, परंतु त्यातील बहुतेक एक चांगला फोटो जमला की तिथेच थांबते. त्या फोटोवर घर कसे चालवायचे, ग्राहक पुन्हा का येतो आणि दर कशाच्या आधारे सांगायचा, याविषयी प्रत्यक्ष काम करणारे क्वचितच लिहितात, म्हणून हे निमंत्रण. कॅमेऱ्यांच्या मॉडेलची यादी नको आणि कमाईचे आकडेही नकोत. या व्यवसायात आपल्याला नेमके कशाने टिकवून ठेवले आहे, तेवढे लिहावे, ही विनंती.

सुरुवात मीच करतो. माझे बहुतेक काम ऑनलाइन विक्रीच्या कॅटलॉगचे आहे. या कामात कल्पकतेला वाव कमी आणि नियम फार. ॲमेझॉनचेच उदाहरण घेतले, तर मुख्य चित्राची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा या तिन्हींचे मूल्य २५५ असावे लागते, वस्तूने चौकटीचा सुमारे ८५ टक्के भाग व्यापावा लागतो आणि झूमची सोय चालण्यासाठी चित्राची लांब बाजू किमान १००० पिक्सेलची लागते. पार्श्वभूमीवर जास्त प्रकाश ओतून पांढरेपणा आणायला गेले, तर तोच प्रकाश मागून परतून वस्तूच्या कडा खातो. त्यामुळे वस्तू पार्श्वभूमीपासून दूर ठेवावी, मागचे दिवे वेगळे लावावेत आणि वस्तूच पांढरी असेल तर चौकटीबाहेर दोन्ही बाजूंना काळे पुठ्ठे उभे करून तिला कडा द्याव्यात, हे सर्वांना ठाऊक असते. माझा धंदा मात्र माझ्या वहीवर चालतो, असे मी म्हणेन. दिव्याची उंची, अंतर, त्याची ताकद, लेन्सपासून वस्तूपर्यंतचे अंतर आणि ट्रायपॉडच्या पायांच्या जागा हे सारे मी प्रत्येक ग्राहकाच्या नावाने नोंदवून ठेवतो. वर्ष उलटल्यावर तोच ग्राहक त्याच वस्तूचा नवा रंग घेऊन येतो, तेव्हा नवा फोटो जुन्या बारा फोटोंच्या रांगेत बसवला असता वेगळा ओळखू येता कामा नये. तो पैसे देतो ते या सारखेपणाचे.

दागिने आणि घड्याळे टिपणारी

दादांचा सारखेपणाचा मुद्दा मान्य आहे, पण माझ्या क्षेत्रात ग्राहक प्रथम येतो तो अडचण घेऊन. चकचकीत धातूवर आपण प्रकाश टाकत नाही. त्या धातूला काय दिसेल ते ठरवतो. प्रकाश ज्या कोनात पृष्ठभागावर पडतो त्याच कोनात परावर्तित होतो, हा शाळेतला नियम एवढ्या काटेकोरपणे दुसऱ्या कुठल्या नोकरीत वापरावा लागला असता असे वाटत नाही. अंगठीच्या वक्र कडेत अख्खी खोली दिसते, त्यात कॅमेरा आणि मीही आले. म्हणून वस्तूभोवती डिफ्युजनचा, म्हणजे उजेड पसरवून मऊ करणारा, पडदा उभारायचा, त्यावर दिव्याचा उजेड हळूहळू विरत जाईल अशी चढण निर्माण करायची आणि आकार कळावा म्हणून मध्ये काळ्या पट्ट्या धरायच्या. लेन्सवर पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश आत सोडणारा फिल्टर, लावला की चमक जाईल, अशी नव्या मुलांची समजूत असते. काच, वार्निश किंवा पाणी यांच्या बाबतीत योग्य कोनात ती बऱ्याच अंशी खरी ठरते, परंतु उघड्या धातूवरील चमक नुसत्या लेन्सवरच्या फिल्टरने जात नाही. त्यासाठी दिव्यावरही पोलरायझिंग फिल्म लावावी लागते, आणि मग धातू इतका निर्जीव दिसतो की ती चमक थोडी परत आणावी लागते.

काचेचे शास्त्र याहून निराळे आहे. तिचा आकार दिसतो तो कडांमुळे. पार्श्वभूमी उजळ असेल तर कडा काळ्या काढाव्या लागतात आणि पार्श्वभूमी काळी असेल तर कडा उजळाव्या लागतात. घड्याळात तर धातू, काच आणि मजकूर तिन्ही एकत्र येतात. काटे दहा वाजून दहा मिनिटांच्या आसपास ठेवण्याचा प्रघात तबकडीवरील नाव मोकळे राहावे म्हणून आहे, आणि चावी बाहेर ओढून घड्याळ बंद ठेवले नाही तर फोकस स्टॅकिंग (फोकस थोडाथोडा सरकवत घेतलेले अनेक फोटो जोडणे) करताना काटा सरकून सगळी मालिका वाया जाते. इतक्या जवळून एफ २२ पर्यंत लेन्सचे छिद्र लहान केले तरी फोकसची खोली (पुढून मागपर्यंत स्पष्ट दिसणारा भाग) पुरत नाहीच, उलट विवर्तनाने, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने, सारे चित्र मऊ पडते. म्हणून मधल्या छिद्रावर अनेक फोटो घेऊन ते जोडणे भाग पडते.

हे सगळे सांगण्याचे कारण दरात आहे. एका अंगठीमागे प्रत्यक्ष शटर दाबण्याचा वेळ नगण्य असतो. धूळ पुसणे, प्रकाश जमवणे आणि नंतरचे रिटचिंग (फोटोची संगणकावरील सफाई) यांतच दिवस जातो. त्यामुळे नगावर दर मागणाऱ्याला मी आधी नग पाहू द्या असे सांगते आणि धातू कोणता, खडे किती, पॉलिश नवे आहे की ओरखडे आहेत, हे पाहूनच आकडा लिहून देते.

कपड्यांच्या कॅटलॉगवर काम करणारा

आमच्याकडे सौंदर्यापेक्षा रंग मोठा. पडद्यावर पाहिलेला रंग आणि घरी आलेले कापड जुळले नाही की माल परत येतो आणि विक्रेत्याला ते लगेच हिशेबात दिसते. प्रत्येक प्रकाशयोजनेच्या सुरुवातीला चोवीस रंगचौकटींचा तक्ता टिपणे, त्यावरून कॅमेऱ्याचे प्रोफाइल (त्याचे रंग सुधारणारी फाइल) बनवणे आणि शेवटची फाइल एसआरजीबी या पडद्यांसाठीच्या प्रमाणित रंगपद्धतीतच देणे ही शिस्त मी सोडत नाही. तरीही काही कापडे दगा देतात. पांढऱ्या कापडातील ब्राइटनर अतिनील किरणांमुळे निळसर उजळतात, आणि एका प्रकाशात जुळणारे दोन रंग दुसऱ्या प्रकाशात वेगळे दिसतात. अशा वेळी मी ग्राहकाकडून कापडाचा तुकडा मागून घेतो आणि ठरावीक प्रकाशात पडद्याशेजारी धरून रंग त्याच्याकडून लेखी मंजूर करून घेतो. या एका सवयीमुळे वाद जवळजवळ संपले.

साहाय्यक म्हणून सुरुवात केलेली

माझे थोडक्यात. स्टुडिओत साहाय्यक असताना मी स्टँड उभे केले, वस्तू पुसल्या, केबल गुंडाळल्या आणि टेदर केलेल्या, म्हणजे कॅमेऱ्याला थेट जोडलेल्या, पडद्यावर ग्राहक कशाला नाक मुरडतो ते पाहिले. शेवटचे शिक्षण सर्वांत उपयोगी ठरले. पोर्टफोलिओसाठी घरातल्याच वस्तू वापरल्या, मात्र दहा प्रकारच्या वस्तूंचा एकेक फोटो ठेवण्याऐवजी एकाच प्रकारच्या वस्तूंची पूर्ण मालिका ठेवली. पहिल्या ग्राहकाने तीच पाहून काम दिले.

जाहिरातीसाठी काम करणारे

वरच्या सर्वांशी मी थोडा असहमत आहे. सारखेपणा विकणाऱ्याला त्याहून स्वस्त सारखेपणा विकणारा कधीतरी भेटतोच. पॉल आउटरब्रिज यांनी १९२२ मध्ये शर्टाच्या एका साध्या कॉलरची जाहिरात केली. बुद्धिबळाच्या पटावर ठेवलेली ती पांढरी कॉलर, बाकी काही नाही, आणि तो फोटो आज संग्रहालयांत मानाने पाहिला जातो. वस्तूकडे पाहण्याची अशी दृष्टी ज्याच्यापाशी आहे, त्याला फोटोइतकाच त्याच्या वापराचा परवानाही विकता येतो. चित्र कोणत्या माध्यमात, कोणत्या प्रदेशात आणि किती काळ वापरले जाणार, यावर माझे शुल्क ठरते. एका संकेतस्थळासाठी घेतलेले चित्र पुढे होर्डिंगवर जाणार असेल, तर तो वेगळा करार. हे पहिल्याच पत्रात लिहिलेले असले की बोलणे सोपे जाते. अर्थात अशी कामे सलग मिळत नाहीत. मधल्या महिन्यांत मीही पांढऱ्या पार्श्वभूमीवर डबे टिपतो, हेही प्रांजळपणे सांगायला हवे.

थ्रीडीकडे वळलेली

धाग्यात हा विषय अजून आला नाही, याचे नवल वाटले. आयकियाने २००६ मध्ये एका लाकडी खुर्चीचे संगणकावर घडवलेले चित्र पहिल्यांदा छापले, आणि २०१४ पर्यंत त्यांच्या उत्पादन-चित्रांपैकी सुमारे तीन चतुर्थांश चित्रे तशीच तयार होत होती. ज्या कंपनीकडे वस्तूचा आराखडा आधीच संगणकात आहे, तिला नऊ रंगांसाठी नऊ वेळा स्टुडिओ लावण्याचे कारण उरत नाही. आता कृत्रिम बुद्धिमत्तेने पार्श्वभूमीही बदलून मिळते. परंतु मॉडेलिंग शिकताना मला असे आढळले की संगणकातही सॉफ्टबॉक्स (दिव्याचा उजेड मऊ करणारी पेटी), काळा पुठ्ठा आणि परावर्तनाचा कोन यांच्याशीच गाठ असते. सहकाऱ्यांपैकी ज्यांना प्रकाश जमवता येत नव्हता, त्यांची रेंडर केलेली, म्हणजे संगणकाने चित्रात उतरवलेली, बाटलीही प्लॅस्टिकचीच दिसायची. हाताने विणलेली, घडवलेली किंवा दर नगाला वेगळी असणारी वस्तू आजही माझ्याकडे कॅमेऱ्यासाठीच येते, कारण तिचे मॉडेल बनवणे फोटो काढण्यापेक्षा महाग पडते. कोणती कामे जातील आणि कोणती राहतील, याचा अंदाज मी सध्या याच हिशेबाने बांधते.

धागा काढणाऱ्याचे उत्तर

एक प्रश्न खाजगीत अनेकांनी विचारला, तो दुरुस्त्यांचा. माझ्या कोटेशनमध्ये शॉट लिस्ट (घ्यायच्या फोटोंची यादी), प्रत्येक शॉटचा कोन, फाइलचा आकार आणि रिटचिंगच्या दोन फेऱ्या एवढे लिहिलेले असते. तिसरी फेरी तासावर धरली जाते. वस्तूच सदोष आली असेल तर रीशूटचा खर्च ग्राहकाचा आणि प्रकाश किंवा फोकस चुकला असेल तर तो माझा. काम सुरू होण्यापूर्वी निम्मी रक्कम मिळाल्याशिवाय मी वस्तूंचा खोका उघडत नाही. जाहिरातवाल्या दादांनी परवान्याचा मसुदा कसा लिहिता, तेही जमल्यास इथे द्यावे.